झांज बघण्याचा कार्यक्रम

रविवारी सकाळी दहा वाजता नल्लकुंट्यात हिम्मतरावांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. बघायची होती ती ड्रमची झांज. वर्ण काळा, कडेला एक बारीक चीर, वय नक्की सांगता येत नाही, आणि माहेर तुर्कस्तान. हे माहेराचं हिम्मतराव गेली तेहतीस वर्षं सांगत आले होते.

तरुणपणी ते एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. मुलगी शर्वरी झाली तेव्हा त्यांनी ड्रम विकले, सरकारी नोकरी धरली आणि ही झांज तेवढी ठेवली. "अस्सल तुर्की, पन्नास सालची," असं ते आल्या-गेल्याला सांगत. त्यावर त्यांची बायको अलकाताई आतून म्हणत, "हौ, तुर्कीच. सुलतान हिच्यातच कणीक मळायचा."

आज निकाल लागणार होता. शर्वरीच्या ऑफिसातला हर्षवर्धन जुन्या झांजा जमवायचा. कुकटपल्लीच्या त्याच्या फ्लॅटमध्ये एकोणीस झांजा होत्या आणि एक खुर्ची. तो 'तुर्की' म्हणाला तर हिम्मतरावांची इज्जत राहणार होती. नाही म्हणाला तर उरलेलं आयुष्य सुलतानाबरोबर काढावं लागणार होतं.

आठ वाजता शर्वरी स्वयंपाकघरात किंचाळली. "आई! हे काय केलंस?"

ओट्यावर झांज पडली होती. अर्धी काळी, अर्धी लखलखीत.

"अर्धीच झालीय अजून. चिंच कमी पडली," अलकाताई म्हणाल्या. "तो पोट्टा बघायला येणार, त्याला हे काळं ध्यान दाखवायचं काय?"

"अगं, काळेपणाच तर बघतात! त्यावरून वय कळतं."

"आमच्यात तर वय लपवायचे."

हिम्मतराव धावत आले. "कडेला शाईची सही होती, ती कुठाय?"

"सही होती ती? मला वाटलं आमटी."

हिम्मतराव स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा बघून अलकाताईंना वाईट वाटलं. "काळीच करायची ना? एवढी काय परेशानी," असं म्हणून त्यांनी कढईत मोहरी जाळली आणि झांज धुरावर धरली. धुराने झांजेआधी शर्वरी काळी झाली. झांजेवर तेलकट थर बसला. हिम्मतरावांनी पेन्सिलीने ठोकून पाहिलं. आवाज आला, "ठप्प." उशीवर ठोकल्यासारखा.

मग तेल काढायला गरम पाणी आणि साबण. तेल निघालं, आणि त्याच्याबरोबर उरलेला काळेपणाही निघाला. आता झांज इतकी स्वच्छ झाली की हिम्मतरावांना तिच्यात स्वतःचा पडलेला चेहरा नीट दिसला. तेवढ्यात बेल वाजली.

हर्षवर्धनने पोहे खाल्ले, झांज मांडीवर घेतली, बरोबर आणलेल्या काट्यावर वजन केलं, नखाने रेषा चाचपल्या, हातोडीचे ठोके मोजले. "अंकल, काही लपवलं नाही ना?"

"कडेला चीर आहे," हिम्मतराव खाली मान घालून म्हणाले. "लहानपणापासून."

हर्षवर्धनने झांज खिडकीकडे धरली आणि एकदम उठला. "ही कोणी घासली?"

"मी रे बाळा. चुकलं माझं."

"चुकलं काय आंटी! थँक्यू म्हणतो मी तुम्हाला! मळाखाली ठसा दबला होता. बघा, ही जुनी तुर्की लिपी, उर्दूसारखीच अरबी वळणाची! ठशावरूनच तर साल काढतात!" त्याने फोनवरच्या एका फोटोशी ठसा ताडून पाहिला. "थोडा फरक आहे. पण पन्नासच्या आसपासची, गॅरंटी."

अलकाताई वाकल्या. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दूतून गणित शिकवायचे. मुलीलाही त्यांनी घरी उर्दू शिकवली होती. त्यांनी ठसा वाचला: अब्दुल करीम, भांडेवाले, चारकमान. म्हणजे इथलाच जुना बाजार. पुन्हा वाचला. पुन्हा तेच.

तेहतीस वर्षांचा विजय त्यांच्या जिभेवर आला.

"अंकल, एकदा वाजवा ना," म्हणत हर्षवर्धनने स्टँड उभा केला, काठ्या दिल्या.

हिम्मतरावांनी हलका ठोका दिला. आधी टोकदार 'टिंग', मग तिच्यामागून एक मऊ सळसळ, जी संपली असं वाटेपर्यंत खोलीत फिरत राहिली. मग ते वाजवतच राहिले. हर्षवर्धनने फोन खाली ठेवला. मनगट काही विसरलं नव्हतं. अलकाताईंनी हे कधी ऐकलंच नव्हतं. त्या हॉटेलात तेव्हा घरच्या बायका जात नसत. या माणसाने हे सगळं आपल्यासाठी बाजूला ठेवलं, आणि बदल्यात मागितला काय, तर एक तुर्कस्तान.

"अलका, तुला उर्दू येते ना?" दम घेत हिम्मतराव म्हणाले. "काय लिहिलंय गं?"

"उर्दू कुठंय ही? एक अक्षर लागेना. तुर्कीच असणार."

"आंटी, चार दिवस नेऊ का?" हर्षवर्धन म्हणाला. "टोलीचौकीचा एक दोस्त आहे, उर्दू, अरबी सगळं येतं त्याला, तो वाचेल..."

"नक्को! ती या घरातून कुठे जाणार नाही!"

हिम्मतरावांचे डोळे भरून आले. "एवढा जीव आहे तुझा तिच्यावर?"

"हौ. रोज संध्याकाळी वाजवा. मी ऐकत बसेन. फक्त दार लावून घ्या."

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती सांगतेय, असं हिम्मतरावांना वाटलं आणि बायकोच्या मोठ्या मनाचं त्यांना फार कौतुक वाटलं.

समोरच्या घरात गेल्याच महिन्यात उर्दूचे एक निवृत्त प्राध्यापक राहायला आले होते.