एका टिचकीत उघडणारं कुलूप

"दाजी, आधी घाबरवायचं, मग विकायचं. हल्ली व्हिडिओ असाच चालतो," असं मेहुणा म्हणाला, तेव्हाच कुलूपवाल्यानं त्याला दुकानाबाहेर काढायला हवं होतं. पण चौकात झगझगीत मोठं दुकान उघडल्यापासून इकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. नव्या कुलपांची खोकी छताला टेकली होती. ती खपली नाहीत तर वडिलांपासूनचं दुकान बंद पडणार होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे गाढव बायकोचा भाऊ होता, एवढंच.

"जरा हसा ना दाजी."

हस म्हटलं की कुलूपवाल्याचं डोकं फिरायचं. त्यानं जुनं पितळी कुलूप उचललं आणि मेहुण्यानं रोखलेल्या मोबाइलकडे बघून डाफरला, "हे बघा! ह्याला कुलूप म्हणतात? इथं खाली हातोडीनं टिचकी मारायची." टक्! कुलूप उघडलं. "चोराला किल्लीसुद्धा लागत नाही. असलं कुलूप घराला लावणारा माणूस मूर्ख!" मग त्यानं नवं कुलूप दाखवलं. ते कुणी लक्ष देऊन पाहिलं नाही, टिचकी मात्र गावभर झाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच शेजारच्या शिंप्यानं काउंटरवर एक पितळी कुलूप आदळलं. त्यावर चांदणीचा ठसा होता. वडिलांच्या काळापासून ह्या दुकानातल्या प्रत्येक पितळी कुलपावर तो असायचाच.

"हे तुमच्याकडूनच घेतलंय. मी मूर्ख काय?"

"तुम्हाला नाही हो म्हणालो!"

"मग कुणाला? ह्या गल्लीत दुसऱ्या कुणी कुलपं विकलीत का?"

आपणच विकलेल्या कुलपाची आपणच जाहिरातीत अब्रू काढली, हे आत्ता कुठे कुलूपवाल्याच्या टाळक्यात शिरलं. तेवढ्यात शाळेचा शिपाई धापा टाकत आला. "पोरं पट्ट्या घेऊन सुटलीत! मुख्याध्यापकांच्या कपाटापासून संडासापर्यंत एक कुलूप बंद ठेवलं नाही!"

बघता बघता दारात गर्दी झाली. "फुकट बदलून द्या!" असा एकच गिल्ला. अख्ख्या गल्लीची कुलपं फुकट बदलायची तर दुकान आजच विकावं लागलं असतं. कुलूपवाल्याच्या रागाचा पारा चढला. "दुकान बंद! निघा सगळे!" असं ओरडून त्यानं सगळ्यांना बाहेर ढकललं आणि काचेचं दार धाडकन लावून घेतलं.

खट्.

पुढच्या व्हिडिओसाठी त्या दाराला नवं कुलूप कालच बसवलं होतं. दार ओढलं की ते आपोआप लागायचं आणि आतूनही किल्लीशिवाय उघडायचं नाही. किल्लीचा वेगळा फोटो हवा म्हणून मेहुणा ती घेऊन गेला होता.

"किल्ली आण, नालायका!" कुलूपवाला फोनवर गरजला.

"लोक शांत झाले की येतो, दाजी," असं म्हणून मेहुण्यानं फोन बंद केला.

कुलूपवाल्यानं तार घातली. आकडा घातला. हातोडी घातली. कुलूप ढिम्म हललं नाही. त्यानं कुलपाला, ते बनवणाऱ्याला आणि बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. काचेपलीकडे लोक भांडण विसरून बघत होते. शिंप्यानं तर मोबाइलच धरला होता. त्यात बायको आली.

"अहो, टिचकी मारून बघा की!"

"तुझ्या भावाला मारतो टिचकी! तो सापडू दे फक्त!"

शेवटी बायकोनंच भावाला कान धरून आणलं आणि बाहेरून दार उघडलं. आता मार बसणार म्हणून कुलूपवाल्यानं हातोडी घट्ट धरली. शिंपी पुढे आला.

"दाराला लावलंय ना, तेच कुलूप द्या मला."

"काय?"

"जे कुलूपवाल्याला उघडत नाही, ते चोराला काय उघडणार? पैसे घ्या, फुकट नको."

"मलाही तेच," शिपाई ओरडला. दिवेलागणीपर्यंत खोकी रिकामी झाली. दुकान वाचलं, पण कुलूपवाल्याचं डोकं अजून तापलेलंच होतं, कारण मेहुणा आरामात काउंटरला टेकून उभा होता.

"बघितलंत दाजी? आधी घाबरवायचं, मग विकायचं. आता पुढचा व्हिडिओ कधी?"

कुलूपवाला दिवसभरात पहिल्यांदाच हसला. किल्ली खिशात टाकून तो शांतपणे बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

खट्.

"आत्ताच," तो काचेतून म्हणाला, आणि त्यानं मोबाइल वर धरला. "जरा हसा ना, मेहुणे!"