बिपिनभाई वाट विचारत नाहीत

धनसुखभाईंनी खिशातून चार तिकिटं काढून नाश्त्याच्या टेबलावर ठेवली, आणि बिपिनचंद्र सुतरियांच्या हातातला फाफडा हातातच राहिला.

"हे काय?"

"जुनं शहर पायी फिरवून दाखवतात म्हणे. हवेल्या, जैनांची देरासरं, चबुतरे, सगळं. सोबत गाइड असतो. म्हटलं, अमदावादला आलोच आहोत तर बघून घेऊ," धनसुखभाई म्हणाले. धनसुखभाई सुरतेचे. गेल्या माघात बिपिनभाईंची मुलगी त्यांच्या घरात सून म्हणून गेली होती आणि लग्नानंतर व्याही-विहीण पहिल्यांदाच मुक्कामाला आले होते. अशा पाहुण्यांपुढे मुलीच्या बापाने आवाज चढवायचा नसतो. बिपिनभाईंनी तो चढवला.

"माझ्या गावात मला तिकीट? धनसुखभाई, मी सुरतेला येऊन तुम्हाला घारी खायला शिकवली तर चालेल?"

"शिकवा की. पण घारी तुम्ही आणायची."

"हसू नका. माझा जन्म कुवावाळी पोळेतला. तिथला दगड न् दगड मला ओळखतो. डोळे बांधून सोडा मला, थेट घराच्या उंबऱ्यावर जाऊन उघडीन!"

"अहो, पण तुम्ही तिकडे गेल्याला..." नीरूबेन बोलायला लागल्या.

"नीरू, मिरच्या संपल्यात. आण जरा." त्यांनी बायकोला वाटेतच अडवलं. मग पाहुण्यांकडे वळून तिकिटांवर बोट आपटत म्हणाले, "अकराच्या आत माझ्या जन्माच्या घराच्या ओट्यावर तुम्हाला बसवतो. नाही बसवलं तर आयुष्यात पुन्हा स्वतःला अमदावादी म्हणवणार नाही."

आम्हा अमदावादी लोकांत दोन प्रकार आहेत. एक जुन्या शहरात, एकाच दरवाज्याच्या गल्ल्यांच्या वस्तीत म्हणजे पोळेत राहणारे. दुसरे नदीच्या या बाजूला लिफ्टच्या इमारतीत राहून जुन्या शहराच्या गप्पा मारणारे. दुसऱ्या प्रकाराचा अभिमान जास्त कडक असतो, कारण त्याला रोज तिथे गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही. बिपिनभाई या दुसऱ्या प्रकारातले अगदी अस्सल होते.

रिक्षाने चौघांना रायपूर दरवाज्याशी सोडलं तेव्हा साडेआठ झाले होते. धनसुखभाईंनी पोपटी शर्ट आणि काळा चष्मा चढवला होता. त्यांच्या पत्नी कुसुमबेन टोमॅटोसारख्या लालभडक साडीत होत्या. नीरूबेन मुकाट्याने मागे चालत होत्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मुकाट्याने मागे चालण्याचं एक शास्त्र त्यांनी तयार केलं होतं आणि ते आज लागणार हे त्यांना घरीच कळलं होतं.

"सोपं आहे," बिपिनभाई म्हणाले. "चंदुलाल बांगडीवाल्यापासून डावीकडे, लिंबाच्या झाडापासून उजवीकडे, सोमा दूधवाल्याच्या समोर आमची पोळ."

चंदुलाल बांगडीवाल्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारी सहा दुकानं होती. बिपिनभाईंनी सहाही दुकानांकडे रागाने पाहिलं आणि अंदाजाने डावीकडे वळले. पुढे लिंबाचं झाड नव्हतंच, विजेची डीपी होती. "झाड कापलं लेकाच्यांनी," असं म्हणत ते डीपीपासून उजवीकडे वळले. आता डीपी तर शहरात शेकड्यांनी आहेत. पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

दहा मिनिटांनी एक चबुतरा लागला. लाकडी खांबावर नक्षीचं पाखरांचं घर, खाली सांडलेली ज्वारी.

"बघा. दोनशे वर्षांचा चबुतरा. आहे सुरतेत?"

धनसुखभाईंनी फोटो काढला. पंधरा मिनिटांनी पुन्हा एक चबुतरा लागला.

"हा बघा. हा तर अडीचशे वर्षांचा."

धनसुखभाईंनी पुन्हा फोटो काढला. तिसऱ्यांदा चबुतरा आला तेव्हा बिपिनभाई तीनशेवर पोचले. धनसुखभाईंनी फोनमधले तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. तिन्हींत खाली तीच लंगडी शेळी बसली होती.

"बिपिनभाई, अर्ध्या तासात शंभर वर्षं गेली की हो चबुतऱ्याची. जरा भरभर चला, नाहीतर पडेल तो अंगावर."

"मुद्दाम फिरवतोय तुम्हाला. सगळ्या बाजूंनी बघायला नको?"

"वाट विचारू या का कुणाला?" कुसुमबेनांनी भीत भीत विचारलं. त्यांच्या चपलेचा पट्टा चावायला लागला होता.

"वाट? कुसुमबेन, वाट परक्याने विचारायची असते!"

नीरूबेनांनी एवढ्यात एका ओट्यावर वाल सोलणाऱ्या बाईला डोळ्यांनीच विचारलं होतं. बाईने डोळ्यांनीच डावीकडे दाखवलं. नीरूबेन खोकल्या आणि म्हणाल्या, "अहो, डावीकडून छान वास येतोय कसला तरी." बिपिनभाई ताबडतोब उजवीकडे वळले. अठ्ठावीस वर्षांत ते बायकोच्या सुचवलेल्या बाजूला एकदाही वळले नव्हते, आणि आज तर व्याही बघत होते.

उजवीकडची गल्ली इतकी अरुंद होती की समोरून गाय आली तेव्हा चौघांना पुन्हा मागे जावं लागलं. गायीपुढे मागे सरकत ते जिथे बाहेर पडले तिथे डावीकडूनच आले असते तर दोन मिनिटांत पोचले असते. समोर निळ्या ऑइलपेंटचं एक जुनं घर होतं. पुढचा ओटा बाथरूमच्या फरशीने मढवलेला. दार सताड उघडं. दाराबाहेर पन्नासएक जोडी चपला.

"हे तुमचं?" धनसुखभाईंनी आशेने विचारलं. साडेदहा वाजले होते.

बिपिनभाईंनी घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते हसले. "हे? यात माणसं राहतात की कबुतरं? आमच्या घरात अशी तीन मावली असती, धनसुखभाई! पण चला, आत बघून घेऊ. हल्ली अशी घरं लोकांना बघायला उघडी ठेवतात. चपला बघा किती आहेत. फुकट आहे, तिकीट नाही. आणि जरा टेकताही येईल."

टेकता येईल हे ऐकून कुसुमबेनांनी सगळ्यांच्या आधी चपला काढल्या.

दारातून एक अंधारी बोळकांडी आणि तिच्यापुढे चौक. बिपिनभाई बोळकांडीतून मोठ्याने बोलतच निघाले, "आता चौकात बघा, खांबांवरचे पोपट बघा..." आणि चौकात पाय टाकला. चौकात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांतले पुरुष, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मधोमध एका म्हाताऱ्याचा हार घातलेला फोटो आणि समोर उदबत्ती. भजन थांबलं. साठ माणसांनी मान वर केली. त्याच क्षणी धनसुखभाईंच्या फोनचा फ्लॅश खांबावरच्या पोपटावर लखकन पडला.

बेसणू चालू होतं. कुणी गेलं की आमच्याकडे घर दोन तास उघडं ठेवतात, लोक येतात, फुलं वाहतात, हात जोडतात, घटकाभर बसतात आणि न बोलता जातात. हे गुजरातेतल्या शेंबड्या पोरालाही समजतं. चपलांची रांग आणि उघडं दार बघून बिपिनभाईंना समजायला हवं होतं. पण माणूस रागात असला की त्याला चपला दिसतात, पण त्यांचा अर्थ दिसत नाही.

या वेळी कुठलाही शहाणा माणूस 'चुकून आलो, माफ करा' म्हणून मागे फिरला असता. पण चुकून आलो म्हणणं म्हणजे चुकलो म्हणणं, आणि मागे व्याही उभे होते. बिपिनभाई सरळ पुढे गेले, फोटोवर फुलं वाहिली, हात जोडले आणि पुरुषांत जाऊन बसले. धनसुखभाईंनी चष्मा काढून पोपटी शर्टावर दोन्ही हात बांधले, पण दोन हातांनी किती शर्ट झाकणार? बायकांच्या पांढऱ्या रांगेत कुसुमबेन लाल साडीत बसल्या आणि नीरूबेनांच्या कानात म्हणाल्या, "नीरूबेन, हे कोण गेलेत?"

"मला काय माहीत? तोंड पाडून बसा."

पन्नाशीचा एक गृहस्थ हात जोडत बिपिनभाईंजवळ सरकला. गेलेल्याचा मुलगा असावा. "माफ करा, ओळखलं नाही. आपण?"

"सुतरिया. बिपिनचंद्र. काकांचा आणि आमचा जुना घरोबा."

"असं? कुठला?"

"इथलाच की. लहानपणी मला याच पोळेत खांद्यावर घेऊन फिरायचे."

मुलगा आणखी जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "बापुजी धोळक्याचे. इथे राहायला आले त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हा तुम्ही... म्हणजे बरेच मोठे असाल."

धनसुखभाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. बिपिनभाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण मान खाली गेली नाही. "खांदा मजबूत होता त्यांचा," ते म्हणाले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारा आवाज आला. "कौशिक, कोण बोलतंय ते? चंपकलालचा आवाज आहे हा."

फोटोतल्या म्हाताऱ्याची बायको, रेवाबा. नव्वदीच्या घरातल्या. दोन बायकांच्या आधाराने त्या उठल्या, सगळा चौक ओलांडून पुरुषांच्या बाजूला आल्या आणि बिपिनभाईंच्या हनुवटीला धरून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"चंपकलालचाच. हे घर विकायला काढलं तेव्हा तुझा बाप बोलणी करायला यायचा, तो आवाज विसरेन मी? बिपिन ना रे तू? वरच्या खोलीत जन्मलास, खिडकी आहे ना, तिथे. तुझी आई मला घराच्या किल्ल्या देताना सगळं सांगून गेली होती. सहीला बापाबरोबर तुझा भाऊ आला. तू नाही आलास. आई म्हणाली, धाकटा रुसलाय. म्हणतो, माझं घर विकताय, आता मी त्या पोळेत पाऊल ठेवणार नाही." त्यांनी हनुवटी सोडली नाही. "एकतीस वर्षं रुसलास? एवढं कुणी रुसतं का रे?"

बिपिनभाईंनी खांबाकडे पाहिलं. वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. जिन्याची तिसरी पायरी एका कोपऱ्यात तुटलेली होती, ती त्यांनीच तोडली होती, हातोड्याने, आठ वर्षांचे असताना. त्यांना इतकं रडायला आलं की त्यांनी दात आवळून धरले. रस्त्यावरची दुकानं, झाडं, डीपी यांनी त्यांना फसवलं होतं, पण पाय मात्र बरोबर इथेच घेऊन आले होते. आणि त्यांनी दारात उभं राहून या घराला कबुतरखाना म्हटलं होतं.

शेजारून धनसुखभाई वाकले आणि कुजबुजले, "बिपिनभाई, अशी तीन मावायची म्हणालात..."

बाकी कुणी म्हटलं असतं तर बेसण्यात मारामारी झाली असती. बिपिनभाईंनी घसा साफ केला. "लहान होतो तेव्हा मावायची," ते म्हणाले. धनसुखभाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी होते.

निघताना रेवाबा दारापर्यंत आल्या. "आता बाहेरची वाट बदललीय सगळी. कौशिकला सांगते, रस्त्यापर्यंत सोडील."

"मला?" बिपिनभाईंना एकदम जोर चढला. आता तर घर सापडलं होतं, साक्षीला साठ माणसं होती. "बा, मला या पोळेतून बाहेर सोडायला माणूस? मी इथला आहे, इथला! चला धनसुखभाई, जवळच्या वाटेने नेतो. हिच्यातून पूर्वी पळत पाच मिनिटांत माणेकचौकात पोचायचो."

चौघे जवळच्या वाटेने गेले. नीरूबेन या वेळी खोकल्या नाहीत. वाट आधी उजवीकडे गेली, मग खाली वाकून एका घराखालून गेली, मग एका देरासराच्या मागच्या भिंतीला लागली, मग कुणाच्या तरी न्हाणीवरून वळली. माणेकचौकाचा गलका एकदा डावीकडून ऐकू आला, एकदा मागून, आणि मग आलाच नाही. विसाव्या मिनिटाला समोर निळं ऑइलपेंट दिसलं.

चपला तेवढ्याच होत्या. आतलं भजन पुन्हा थांबलेलं होतं, कारण दारातच बसलेल्या दोन माणसांनी पोपटी शर्ट ओळखला होता आणि हात जोडून ती उभी राहिली होती. कौशिक बोळकांडीतून बाहेर आला. त्याच्या मागे भिंत धरत रेवाबा.

बिपिनभाई गल्लीच्या मधोमध उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एकही वाक्य सुचत नव्हतं. दोनशे, अडीचशे, तीनशे, काहीच नाही. आता वाट चुकलो म्हणायचं, साठ माणसांसमोर, स्वतःच्याच ओट्यासमोर.

तेवढ्यात धनसुखभाई पुढे झाले. सकाळपासून ज्यांनी टोमणा मारायची एकही संधी सोडली नव्हती त्या धनसुखभाईंनी ओट्यावर बसून सावकाश बूट काढले, नीट रांगेत लावले आणि रेवाबांसमोर हात जोडले.

"बा, निघालो होतो. पण व्याही इतक्या वर्षांनी घरी आलेत ना, त्यांचा पाय निघत नव्हता. मीच म्हटलं, चला, आणखी घटकाभर बसू."