मोईनचा थंडीचा बंदोबस्त

एरवी स्कूटरवर जाणारा मोईन आज सायकलवर ऑफिसला जाण्यासाठी तासभर सजत होता. आत थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पिवळंधमक जॅकेट. हातमोजे, माकडटोपी, टोपीवर हेल्मेट आणि डोळ्यांवर गॉगल.

"अहो, सुदुंबऱ्याला चाललात की सियाचीनला?" त्याच्या बायकोने, उझमाने दारातूनच विचारलं.

"तुला नाही कळायचं. मॅडम रोज तळेगावहून सायकलवर येतात. एवढ्या थंडीत!"

मॅडम म्हणजे सुदुंबऱ्याच्या कारखान्याच्या नव्या मॅनेजर सारिका मॅडम. "ज्याला स्वतःचं शरीर ओढता येत नाही, तो डिपार्टमेंट काय ओढणार?" असं त्या प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणत. मोईन तिथे स्टोअरमध्ये कारकून होता आणि स्टोअर इनचार्जची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. एरवी पहिल्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघणारे लोक आता जेवताना गिअरवर चर्चा करत. त्यांच्यावर मात करायची तर नुसती सायकल पुरणार नव्हती, म्हणून मोईनने एवढा सरंजाम केला होता.

सगळं चढवून झालं आणि त्याला बाथरूमला लागली.

सगळं उतरलं. पुन्हा चढलं. या वेळी घाईत जॅकेटची चेन माकडटोपीच्या लोकरीत अशी अडकली, की टोपी ताणून थेट ओठांवर आली. "ऑफिसात सोडवतो," असं तो म्हणाला, पण उझमाला फक्त "हूं हूं" ऐकू आलं.

घोरावाडी मागे पडेपर्यंत मजा वाटली. मग अंग तापलं. घाम पाठीवरून वाहू लागला, पण चेन खाली येईना आणि टोपी वर जाईना. इंद्रायणीच्या पुलावर दाट धुकं होतं, त्यात गॉगलही आतून धुरकटला. पुढे कंपनीचा फाटा समजून त्याने सायकल वळवली आणि तो थेट कांद्याच्या ओल्या वाफ्यात जाऊन आडवा झाला.

"आलास व्हय?" बांधावरून शेताच्या मालकीण विठाबाई ओरडल्या. "धुक्यानं समद्या कांद्यावर करपा पडला, अन् तू आत्ता येतुयास फवारायला?"

"हूं हूं!" मोईनने मान हलवली.

"हूं न्हाई अन् बिं न्हाई. तोंड बांधलंयस ते बरं केलंस, औषध लय उग्र हाय." असं म्हणून त्यांनी फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर चढवलासुद्धा.

तेवढ्यात बांधाशेजारच्या गोठ्यापाशी एक पांढरी मोटार थांबली. मोईनने गॉगल कपाळावर सरकवला. मोटारीतून सारिका मॅडम उतरल्या. मागच्या कॅरिअरवरून त्यांनी सायकल काढली, बाटलीतलं पाणी कपाळावर शिंपडलं, केस थोडे विस्कटले. मोईनकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, गाडीवर औषध उडवू नका हं!" आणि त्या पेडल मारत निघून गेल्या.

"कंपनीच्या म्याडम हैत," विठाबाई कौतुकाने म्हणाल्या. "रोज हितं गाडी ठेवत्यात अन् हितनं सायकलीवर जात्यात. लय कष्टाळू बाई!"

मोईनने खुणा करकरून विळा मागितला. विठाबाईंनी टोपी कापली आणि आतला चेहरा बघून त्या चपापल्या. "अगं बया! ह्यो आपला फवारणीवाला न्हाई!"

मोईन चिखलाने माखलेला मीटिंगमध्ये शिरला तेव्हा मॅडमचं भाषण रंगात आलं होतं.

"उशीर, मोईन? सायकलवाल्याला शिस्त हवी. मी बघा, तळेगावपासून न थांबता आले."

"सॉरी मॅडम. वाटेत एका कांद्याच्या शेतात फवारणी करत होतो. गोठ्याशेजारी."

मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. मग एकदम हसल्या. "बघा! एवढा चिखल तुडवून हा माणूस कामावर आलाय. स्टोअरला असाच इनचार्ज हवा. टाळ्या!"

सगळ्यात जोरात टाळ्या मोईनच वाजवत होता.

दुसऱ्या दिवसापासून विठाबाईंच्या गोठ्यात पांढऱ्या मोटारीशेजारी एक स्कूटरही उभी राहू लागली.