झिराडकर काका लाच घेत नाहीत

जूनमधल्या मस्कतच्या उन्हात कुठलाही शहाणा माणूस पायी चालत नाही. झिराडकर काका चालत. आपण कुरुमच्या रस्त्यावर गाडी थांबवावी, काच खाली करून "बसा, सोडतो" म्हणावं, आणि त्यांनी छत्री जराशी वर करून विचारावं, "उद्या तुमचंच भांडण माझ्याकडे आलं तर?" पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन बाधलं.

काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. आजोबा समाजाचे काजी. लग्नं लावायचे, तंटे मिटवायचे. काकांनीही तरुणपणी मुंबईत एका रब्बींच्या हाताखाली धर्मगुरू व्हायचं शिक्षण सुरू केलं होतं. तेवढ्यात वडील गेले, पाठीवर दोन बहिणी, म्हणून काका ड्राफ्ट्समन होऊन इकडे आले. लग्न राहूनच गेलं. शिक्षण सुटलं, पण रब्बीने कसं वागावं याचे नियम अंगात मुरले ते मुरलेच. ज्याचा निवाडा करायचा त्याचं मिंधं व्हायचं नाही, एकाचंच ऐकून मत द्यायचं नाही, ऐकलेलं पोटात ठेवायचं. कोणी गमतीने 'रब्बी' म्हटलं तर मात्र चिडत. "मी अर्धवट आहे," म्हणत.

तरी आमच्या बिल्डिंगमधली सगळी भांडणं त्यांच्याकडेच. तळमजल्यावरचा वसईचा फर्नांडिस एसीच्या पाण्याची तक्रार घेऊन यायचा, तर काका कानांवर हात ठेवत. दुसरी बाजू गैरहजर आहे म्हणे! वरच्या मजल्यावरच्या माणसाला बोलावून समोर बसवल्याशिवाय एक शब्द ऐकायचे नाहीत. निकाल दिला की "खलास" म्हणून उठायचे. दिवाळीचा फराळ नेला तर आधी चौकशी, घरात काही वाद चालू नाही ना? नसला तर घेत, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाचे खजूर परत. माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, चकल्यांपायी आम्ही जन्माचे खजूर खाल्ले.

मग आमचंच वाजलं.

आमची सई तेव्हा नऊ वर्षांची. इंग्रजी फाडफाड, मराठी बोलताना दर वाक्याला ठेच. रोज संध्याकाळी काकांकडे अर्धा तास वाचायला जायची, तेवढीच प्रगती. नाशिकहून आजीचा फोन आला की पोरगी नुसती हसायची. वैशाली म्हणाली, मी हिला घेऊन नाशिकला जाते, आपल्या माणसांत वाढू दे. मी म्हटलं, इथली शाळा चांगली आहे, पोरीचं नुकसान होईल. दोन महिने हेच. माझा आवाज चढायचा, तिचा बंद व्हायचा, आणि सई दोघांच्या तोंडाकडे बघत जेवायची.

शेवटी आम्ही काकांसमोर जाऊन बसलो. सई बाल्कनीत पुस्तक घेऊन बसली होती. काकांनी दोघांचं तासभर ऐकलं. मी तर शाळेच्या निकालांची फाईलच नेली होती. काका चष्मा काढून पुसायला लागले.

"मला हा निवाडा करता यायचा नाही," ते म्हणाले. "मी लाच खाल्लीय."

मला हसू आलं. या माणसाला कोण लाच देणार?

"ती रोज येते. पाच वाजल्यापासून मी दाराकडे बघत असतो. तुम्ही दोघं बोलत होता तेव्हा माझ्या मनात एकच होतं, ही जाऊ नये. शाळाबिळा माझ्या डोक्यात आलीच नाही. मला एकटं वाटेल, एवढंच."

वैशालीने पदर डोळ्यांना लावला. मी मांडीवरच्या फाईलकडे बघत राहिलो. लाज वाटली मला. दोन महिने मीही हेच म्हणत होतो की, फक्त त्याला सईचं हित असं नाव देऊन. त्या रिकाम्या फ्लॅटची मला भीती वाटत होती, आणि ते बायकोपाशी बोलायची हिंमत मला झाली नव्हती. काकांनी ते परक्यांसमोर सांगून टाकलं.

"मलाही एकटं वाटेल," मी वैशालीला म्हटलं. मग म्हटलं, "तुमची दोघींची तिकिटं काढू."

काकांनी मान हलवली. चष्मा चढवला, उठून बाल्कनीच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच सईला म्हणाले, "आज दोन धडे वाचू या."