ग्रेडरसाहेबांचा कॉम्प्युटर

ग्रेडरसाहेब झाडे तुम्हाला भेटले, तर नमस्काराच्या आधी तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरतील. दोन बोटांत कापड चोळतील, डोळे बारीक करतील आणि मग तब्येत विचारतील. बाही पसंत पडली नाही, तर तब्येत राहूनच जाते.

यात त्यांचा दोष नाही. माणसाने सगळी नोकरी कापूस चिमटीत धरून काढली. सिंदीच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची आणि हे एकेका बंडीतून मूठभर कापूस ओढून, धागा ताणून त्याची प्रत ठरवायचे. साहेब निवृत्त झाले, चिमटी झाली नाही. वांगी, लग्नपत्रिका, शेजारच्या मुलीला सांगून आलेला मुलगा, कोणीच सुटत नसे. चांगलं ते ‘पहिल्या वेच्याचं’, पहिल्या वेचणीतल्या कापसासारखं. वाईट ते ‘फरदड’, म्हणजे हंगाम सरल्यावर झाडाला लागलेला मरतुकडा कापूस. स्वतःच्या जावयाबद्दल त्यांनी भर मांडवात व्याह्यांना सांगितलं होतं, “पोरगा पहिल्या वेच्याचा हाय जी, फक्त धागा आखूड हाय.” व्याही अजून त्याचा अर्थ लावताहेत.

याच जावयाने लॅपटॉप घेतला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर पुण्याहून सासऱ्यांना पाठवून दिला. साहेबांनी त्याला हळदकुंकू लावलं, काकूंच्या जुन्या लुगड्याचा झगा शिवून घेतला आणि तो मधल्या खोलीत, काकूंच्या पलंगाला लागून बसवला. सुमनकाकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांना दमा. रात्र बसून काढायच्या आणि दुपारी जेवणानंतर कुठे त्यांचा डोळा लागायचा. आजारी बाईच्या उशाशी हे धूड कशाला, असं मी विचारलं, तर साहेब म्हणाले, “तिथंच बरं हाय.” पुढे बोलायची सोय नव्हती.

मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर. सुट्टीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. आमच्या गल्लीत त्या काळी तेवढ्या भांडवलावर डॉक्टरकी चालायची. त्यामुळे साहेबांचा कॉम्प्युटर हळू चालायला लागला, तेव्हा बोलावणं मलाच आलं.

“मास्तर, बटन दाबतो अन् चहा ठेवतो. चहा उकळते, पिऊन होते, कप इसळून होते, तवा कुठी हे उघडते.”

हे खरं होतं. पत्त्यांचा डाव सोडला तर साहेब त्यावर काही करत नसत, पण एक पत्ता उचलून दुसऱ्यावर ठेवायचा म्हटलं तरी तो पत्ता वाटेत बसून विश्रांती घ्यायचा.

मी म्हटलं, व्हायरस असेल. व्हायरस म्हणजे काय ते समजावून सांगायला तोंड उघडलं, तोच साहेबांनी हात वर केला. “समजलं. बोंडअळी. वरून बोंड साजरं दिसते, अन् अंदरून खाल्लेलं राह्यते.” मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. तेव्हापासून दर रविवारी कुंपणावरून हाक यायची, “मास्तर, फवारनीले येता का?” मी जाऊन व्हायरसची तपासणी लावून यायचो. दरम्यान साहेबांचे स्वतंत्र उपाय चालूच असायचे. बंडीत माल जास्त झाला की बैल बसतो, या न्यायाने त्यांनी पडद्यावरची चित्रं एकेक करून पुसली. मग डब्याचं तोंड पूर्वेला केलं. एकदा तर डब्याखाली डांबराच्या गोळ्या सापडल्या. कशानेही फरक पडला नाही.

काकूंना या सगळ्याचा भयंकर राग. पलंगावरून मला ऐकवायच्या, “पाहा न मास्तर. दुपारभर त्या डब्यापुढं बसते हा मानूस. मी इकडं मरून पडली तरी याले पत्ता लागाचा नाई.”

“तू झोप,” साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे. “तुले काई समजत नाई यातलं.”

मलाही ते वागणं आवडत नसे. बायकोला नीट श्वास घेता येत नाही आणि यांना पत्ते सुचतात, असं मनात यायचं.

उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडू लागला. साहेब भर दुपारी माझ्या दारात आले. बाही धरली नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“आता लगेच चला. थे मशीन मले दुपारी लागतेच.”

“साहेब, पत्ते संध्याकाळीही खेळता येतील.”

“संध्याकाळी नाई. दुपारीच.”

काकू झोपल्या होत्या. मी आवाज न करता स्क्रू काढले आणि डब्याचं झाकण बाजूला केलं. आत पाहतो तर कापूस. आतल्या पंख्याच्या जाळीवर कापूस, मागच्या भोकांनाही आतून कापूस. पांढराशुभ्र, सरकी काढून, बोटांनी पिंजून एकसारखा बसवलेला. हवा जायला सुईएवढी वाट नव्हती. ते यंत्र आतल्या आत भाजून निघत होतं, म्हणून हळू चालत होतं.

मला हसू आवरेना. ज्या माणसाने जन्मभर कापूस पारखला, त्याचा कॉम्प्युटर कापसानेच मारला होता. धूळ जाऊ नये म्हणून कोंबला असणार, असं मी धरून चाललो. सगळा ओढून काढला आणि बटण दाबलं. काय सांगू, पडदा क्षणात उजळला, पत्ते पटापट पडले. फक्त मोकळा झालेला पंखा जुनाट होता, तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला.

मी शाबासकीसाठी मागे वळलो. साहेब तिथे नव्हते. ते पलंगापाशी जाऊन काकूंच्या तोंडाजवळ कान नेऊन वाकले होते. मग आले, वाकून कॉम्प्युटर बंद केला आणि जमिनीवरचा कापूस वेचू लागले.

“परत लावा हा.”

“साहेब, याच्यामुळेच तर सगळं होत होतं.”

“होऊ द्या. पंख्याच्या आवाजात हिचा श्वास आयकू येत नाई.”

ते हलक्या आवाजात सांगत होते. “मांगच्या साली दुपारी झोपेत हिचा दम अटकला. मी समोरच्या खोलीत पेपर वाचून राह्यलो होतो. मले समजलंच नाई. दूधवाली आली म्हनून वाचली.”

“मग नुसते जवळ बसा ना. कॉम्प्युटर कशाला पाहिजे?”

“बसून पाह्यलं न बाप्पा. डोये उघडते अन् मले पाह्यते, तं म्हनते, पहारा काऊन देता, मी काय मरून राह्यली का. मंग झोपतच नाई. मशीन चालू असली, की तिले वाटते बुढा खेळून राह्यला. शिव्या देते अन् झोपून जाते.”

मला त्या माणसाची एकदम फार माया वाटली. काकूंच्या शिव्याही आठवल्या आणि त्या निमूट ऐकणारी त्यांची पाठही. तरी मास्तरकी सुटत नाही. मी म्हटलं, “असंच ठेवलं तर हे जळून जाईल साहेब.”

“जळू द्या,” ते म्हणाले. “मशीन दुसरी आनता येते.”

मी खाली बसून कापूस पुन्हा पंख्याभोवती लावला, हवेपुरती फट ठेवून. त्यांनी तेवढी फट मान्य केली. बटण दाबलं. घरघर विरत गेली आणि खोलीत पलंगावरची बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली, आत जाणारी, बाहेर येणारी. साहेब खुर्चीत बसले आणि हात माऊसवर ठेवून पडद्याकडे तोंड केलं. पत्ते अजून उघडले नव्हते. त्यांना घाई नव्हती.