हेमांगीच्या प्रश्नाचं बारावं सिटिंग

कासारखिंडीत आईबापांच्या प्रश्नाला आठ दिवसांत उत्तर मिळालं नाही, तर तो उठून उभा राहतो आणि त्यांच्याबरोबर चालायला लागतो. त्यात कुणाला नवल वाटत नाही. घरात शिरताना तो चपला बाहेर काढतो, दोन वेळा जेवतो आणि आपलं एकच वाक्य दिवसातून पाच-सात वेळा म्हणतो. पाहुण्यापेक्षा त्याचा जाच कमीच म्हणायचा.

हेमांगी कुंभोजकरचा प्रश्न फाल्गुनात उभा राहिला. तिची कावेरी नुकती नऊ महिन्यांची झाली होती आणि उपकेंद्राच्या वाघमोडे सिस्टरांनी कार्डावर गोवराच्या लशीसाठी बुधवारची तारीख घालून दिली होती. नेमका त्याच आठवड्यात कुठल्याशा लांबच्या जावेने फोनवर निरोप धाडला, की लस टोचणं म्हणजे देवाने घडवलेल्या शरीरावर अविश्वास दाखवणं. हेमांगीने निरोप पुसून टाकला. मनातून तो पुसला जाईना. बुधवार आला नि गेला. नवव्या दिवशी सकाळी ती चहा टाकायला उठली, तर ओट्याशी तो उभा. मध्यम उंचीचा, सावळा, पाठीत चांगलाच वाकलेला.

"कावेरीला गोवराची लस द्यावी का?" तो म्हणाला.

उपकेंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. पण हेमांगीचा नवरा विश्वजित याने प्रश्नाकडे नीट निरखून पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा दिसली ती त्याची पाठ. केवढा वाकलाय हा, असा कसा चारचौघांत न्यायचा, याला आधी टेंभेकरांना दाखवू, असं त्याचं म्हणणं पडलं. कासारखिंडीत ही चूक घरोघरी होते. प्रश्न दिसायला बरा नसला, की लोक उत्तराच्या आधी प्रश्नावरच इलाज करायला धावतात.

उपेंद्र टेंभेकर म्हणजे मणक्यांचे डॉक्टर. पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' असं होतं, पण ते म्हणताना जीभ लचकते म्हणून गाव त्यांना मणकेवाले म्हणे. माणूस गोड, हाताला गुण. विश्वजितची कंबर धरली होती तेव्हा तीन खेपांत त्यांनी त्याला उभा केला होता, हे खरं आहे, आणि खऱ्याला नाही म्हणू नये. मात्र त्या दिवसापासून विश्वजितची अशी समजूत झाली, की ज्याला कंबर कळते त्याला सगळंच कळतं.

टेंभेकरांनी प्रश्नाला टेबलावर पालथा निजवला, मानेपासून खालपर्यंत बोटं फिरवली आणि हळहळले. लशीचं होही मी म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, आमच्या तत्त्वज्ञानात ते बसत नाही, असं त्यांनी समजावलं. शरीरात उपजत शहाणपण असतं. कणा सरळ असला, की ते डोक्यातून निघून अंगभर वाहतं आणि आपलं आपण ठरवतं. तेव्हा आपलं काम एवढंच, की आईबापांचा प्रश्न सरळ करून त्यांच्या हवाली करायचा. त्यासाठी बारा सिटिंग लागतील. मधेच सोडलं तर प्रश्न पुन्हा वाकेल.

मग त्यांनी दोन्ही तळवे टेकवून एक झटका दिला. कट्टकन आवाज झाला. प्रश्न उठून बसला तो चार बोटं उंच होऊन. म्हणाला, "कावेरीच्या शरीराला गोवराच्या लशीची गरज आहे का?"

विश्वजितला हे फार आवडलं. केवढा रुबाबदार दिसायला लागला, असं तो येताना दोनदा म्हणाला.

बाहेरच्या बाकावर इतरांचेही प्रश्न असत. तिथे पाटणे नावाच्या गृहस्थांचा प्रश्न हेमांगीला रोज भेटे. गालगुंडाची लस द्यावी का, हा मूळचा. पाटण्यांचा मुलगा आता दहावीला होता आणि त्याला सातव्या वर्षीच गालगुंड होऊन गेलं होतं. मग हे आता कशाला, असं हेमांगीने विचारलं, तर पाटणे म्हणाले, कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. त्यांचा प्रश्न छताला टेकला होता आणि मराठीत बोलायचा बंद झाला होता.

चौथ्या सिटिंगला हेमांगीच्या प्रश्नातून गोवर गेला. सातव्याला लस गेली. नवव्याला कावेरी गेली. अकराव्या सिटिंगनंतर तो नऊ फूट उंच, ताडासारखा सरळ झाला आणि खर्जातल्या आवाजात म्हणू लागला, "उपजत शहाणपणाला बाहेरून काही शिकवण्याचा अधिकार कोणाला पोचतो का?" ऐकणाऱ्याला वाटावं, कीर्तनाला उभा राहिलाय. घरात तो ताठ उभाही राहू शकेना आणि वाकणं तर त्याला मना होतं. म्हणून अंगणात तुळशीपाशी उभा असे. जेवण त्याला शिडीवरून द्यावं लागे.

तोवर हेमांगीच्या कोष्टी गल्लीत गोवर आला होता. कासारखिंडीत गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं. आधी गल्लीच्या तोंडाशी एक दार हिरवं झालं, मग सलग तीन. मंगळवारी संध्याकाळी हेमांगी कावेरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि तिने दारं मोजली. आपल्या आणि कडुलिंबाच्या मधे दोनच घरं उरली होती. त्या शेवटच्या दाराआड एक पोर खोकत होतं, सतत, कोरडं. कावेरी खोकल्याच्या दिशेने मान वळवून हसली. तिला वाटलं, कुणीतरी खेळतंय.

बुधवारी सकाळी विश्वजितने आठवण दिली, की एक वाजता बारावं सिटिंग आहे. हेमांगी म्हणाली, आज उपकेंद्रात लसीकरण आहे. तो म्हणाला, एकच तर सिटिंग राहिलंय, एवढं होऊ दे, मग प्रश्न आपणच सांगेल काय करायचं ते. हेमांगीने विचारलं, "अहो, अकरा झाली. त्याने आजवर काय सांगितलं?"

तो चिडून कामावर गेला.

हेमांगी निघाली तेव्हा साडेबारा झाले होते. मागून प्रश्न चालत होता, विजेच्या तारा चुकवत. सिस्टरांनी साडेनऊला बाटली फोडली होती. गोवराच्या लशीची बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरेल ती टाकायची, हा सगळीकडचाच नियम. त्यामुळे हाताशी तासभर होता. उपकेंद्राचं दार मात्र सहा फुटी, आणि सिस्टरांचा स्वतःचा आणखी एक नियम होता. मूल, आई आणि प्रश्न, तिघंही आत आल्याशिवाय त्या सुईला हात लावत नसत. बाहेर राहिलेला प्रश्न मागाहून घरी जाऊन पोराच्या आईला खातो, हे त्यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं होतं.

"आत घे त्याला," सिस्टर म्हणाल्या.

हेमांगीने विनवलं, हात धरून ओढला, कमरेला मिठी मारून खाली दाबला. प्रश्न तसूभर हलला नाही. वर कुठेतरी त्याचं 'अधिकार पोचतो का' चालूच होतं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली. रांगेतल्या एका बाईने सुचवलं, की कौलं काढा. दुसरी म्हणाली, कौलांना पंचायतीचा ठराव लागतो.

"टेंभेकरांकडचा दिसतोय," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पॉलिश बरं केलंय. हेमांगी, तुझ्याकडे आला त्या दिवशी काय म्हणत होता हा?"

हेमांगीला चटकन आठवेना. अकरा सिटिंगांत तिचं स्वतःचं वाक्य तिच्याकडून कधी निसटलं ते तिलाच कळलं नव्हतं. तिने डोळे मिटले. दोन घरांपलीकडचा तो कोरडा खोकला तिला ऐकू आला.

"माझ्या कावेरीला गोवराची लस द्यावी का?" ती म्हणाली. "मला भीती वाटते. दिली तरी वाटते, नाही दिली तरी वाटते."

प्रश्नाने वरून खाली पाहिलं. मग पाठीतून अकरा वेळा कडकड आवाज करत तो वाकला, चौकटीखालून आत आला आणि स्टुलावर बसला. मध्यम उंचीचा, सावळा. बराच दमलेला.

"द्यायची," सिस्टर म्हणाल्या. "गोवर साधा वाटतो, पण छातीत उतरतो, डोळ्यांवर जातो, एखाद्याच्या मेंदूत शिरतो. लशीने आठवड्याभराने थोडा ताप येईल, एखादं पुरळ उठेल. आलं तर माझ्याकडे ये. नाही आलं तरी ये, मी चहा करते."

"आणि ते उपजत शहाणपण?"

"आहे की. पोरगी हुशार आहे म्हणून तिला शाळेत घालणार नाहीस का?"

एक वाजून वीस मिनिटांनी कावेरीच्या उजव्या दंडाला सुई लागली. ती पाऊण मिनिट रडली. मग अ जीवनसत्त्वाचा चमचा जिभेला लागला, तेव्हा तिने तोंड वाकडं करून रडणं आवरतं घेतलं. सिस्टरांनी कार्डावर खूण केली. लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, म्हणून आई, मूल आणि प्रश्न ओळीने बाकावर बसले. प्रश्नाला बोलायला आता काही नव्हतं.

दोन वाजता विश्वजित स्कूटर घेऊन आला. त्याने कावेरीच्या दंडावरचा कापूस पाहिला आणि बाकावरचा प्रश्न पाहिला.

"डॉक्टर विचारत होते, बारावं सिटिंग का चुकवलं."

"सांगा त्यांना, प्रश्न बरा झाला."

विश्वजितने मान हलवली. कावेरीला त्याने आपल्याकडे घेतलं, तिच्या कपाळाला गाल लावून पाहिला आणि परत दिलं. मग तो पुढे बसला, मधे प्रश्न, मागे कावेरीला घेऊन हेमांगी. चौकात हवालदाराने शिट्टी वाजवून स्कूटर थांबवली आणि माणसं मोजली. नवरा, बायको, तान्हं मूल. त्याने जायची खूण केली. उत्तर मिळालेला प्रश्न कासारखिंडीत सवारीत धरत नाहीत.