ई-जीवनसत्त्वाची कुपी घशापार गेली, त्याची हकीकत

ऐकणारांनी चित्त देऊन ऐकावे. राज्ये आली, राज्ये गेली, त्यांची दफ्तरे मोठमोठ्या लेखण्यांनी भरिली. परंतु दुपारचे जेवणाचे मेजावर, एका पाण्याचे पेल्याकाठी, जे युद्ध अकरा दिवस अहोरात्र नव्हे पण रोज अर्धा तास चालले, त्याचा दाखला कोणत्याही दफ्तरी नाही. तो राहून गेला तर पुढील पिढ्या अंधारात चाचपडतील, सबब जे घडले ते पदरचे काही न घालता येथे लिहिले आहे. जेथे पदरचे घातले आहे, तेथे ते शोभून दिसते.

खासे पेंटरसाहेब, दुकानांच्या पाट्या रंगविणारे, शिडीबहाद्दर, चाळीस वर्षे मान वर करून जगलेले. अक्षर ऐसे की ज्यास वाचता येत नाही तोही रस्त्यात उभा राहून पाही. तीन वर्षांमागे पोटाचे दुखण्यात शल्यवैद्यांनी त्यांचे आतड्याचा मोठा मुलूख खालसा केला. जीव वाचला, परंतु तेव्हापासून अन्नातील तेल-लोणी अंगी लागेनासे जाहले. आणि मग पायांस मुंग्या आल्या, आणि मग पायाखाली पायरी आहे की हवा आहे हेच उमगेना, आणि एके सकाळी खासे पाचवे पायरीवरून रंगाचे डब्यासकट खाली आले, ते मधल्या चारही पायऱ्यांस न कळविता. हाड मोडले नाही. चपलांचे दुकानदाराचा पांढरा सदरा मात्र कायमचा हिरवा जाहला.

तेव्हा स्वारी डॉक्टरीणबाईंचे दवाखान्यात दाखल जाहली. बाईंनी पेंटरसाहेबांस डोळे मिटावयास लाविले, आणि पायाचा अंगठा धरून पुसिले की वर नेला की खाली. साहेबांनी दहा वेळा बेधडक उत्तर दिले, पैकी सात वेळा चुकले. मग रक्त तपासिले, आणि निदान जाहले की शरीरात ई-जीवनसत्त्वाचा दुष्काळ आहे. हे जीवनसत्त्व मज्जातंतूंचे पहारेकरी, पहारा उठला की पायाची बातमी मेंदूस पोचत नाही. सबब हुकूम निघाला: रोज एक कुपी, दुपारचे जेवणाबरोबर, आणि त्या जेवणात लोणी वा तेल असावे, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धाचे पालखीत बसल्याखेरीज आत जात नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोवर शिडीस हात लावू नये. हयगय जाहली तर पायांची गेलेली जाण परत येईलच याची हमी नाही, आणि शिडी कायमची सुटेल.

हे शेवटचे वाक्य साहेबांचे काळजात खिळ्यासारखे रुतले. शिडी सुटली तर खाली उभे राहून काय करावे, हे त्यांस ठाऊकच नव्हते.

आता ही कुपी म्हणजे काय, तर बोराएवढी, मधाचे रंगाची, मऊ, आत तेल, आणि तेलात हवेचा एक बुडबुडा. दिसावयास देखणी, परंतु पेंटरसाहेबांनी उभ्या जन्मात गोळी सबंध गिळली नव्हती. आधी मातोश्रींनी, आणि मग बाईसाहेबांनी, म्हणजे शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्यांचे पत्नीने, प्रत्येक गोळी खलात कुटून साखरेतून दिली होती. तेलाची कुपी कुटावी कशी?

पहिले दिवशी बाईसाहेबांनी तरीही बत्ता उगारला. कुपीने हूल दिली, खलातून उसळी मारिली आणि कपाटाखाली दडी मारून बसली, ती आजतागायत फरारी आहे.

दुसरे दिवशी शेजारचे न्हावीमामा कुमक घेऊन आले. त्यांणी मसलत दिली की शिलाईची टाचणी टोचून तेल चमच्यात काढावे. टाचणी टोचताच तेलाची पिचकारी उडून थेट मामांचे मिशीस लागली, आणि ती मिशी तीन दिवस ऐशी झळकली की गिऱ्हाइके आरशाऐवजी मिशीतच पाहू लागली. मामांस पहिल्याच झळकीत वाटले, केसांस हे अमृत आहे, आणि त्यांणी परस्पर आपल्यासाठी डबी आणून त्याच दुपारी पहिली गिळिलीही. हे वर्तमान बाईसाहेबांनी त्याच सायंकाळी डॉक्टरीणबाईंचे कानी घातले, तो तेथून तातडीचा निरोप आला: मामा हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यांणी ही कुपी ताबडतोब थांबवावी, नाहीतर वस्तऱ्याची जखम मिटता मिटणार नाही, आणि ज्यांचे शरीरात तुटवडा नाही त्यांस दाणे, बिया, पालेभाजी आणि रोजचे तेल पुरेसे आहे. पेंटरसाहेबांची कुपीही फोडू नये, सबंधच घ्यावी.

मग तिसरे दिवसापासून सुलतानढवा सुरू जाहला. लोणी लावलेला पाव खाऊन साहेबांनी कुपी जिभेवर घ्यावी, मामांनी मागे उभे राहून, दाढी करावयाचे सवयीने, हनुवटी धरून मान वर करावी, आणि बाईसाहेबांनी पाण्याची फौज सोडावी. पाणी घशापार जाई, कुपी मात्र उलटी फिरून ओठांचे दरवाजावर हजर. चौथा पेला, पाचवा पेला. पोट नगाऱ्यासारखे फुगले, आणि कुपी जिभेवर विरघळू लागली की खोकला येऊन ती थेट मेजावर. ऐशा सात शिकस्ती जाहल्या. दहावे दिवशी साहेब म्हणाले, “राहू दे गं. शिडी विकून टाक.”

बाईसाहेबांनी उद्याचे पावासाठी लोणी काढून ठेविले. पाट्यांखालून जाताना हा माणूस आपलीच अक्षरे कसा वर पाहतो, हे त्यांस ठाऊक होते.

अकरावे दिवशी, बुधवारी, खोकल्याचे तडाख्यात कुपी उडाली ती नेमकी पेल्यात पडली. मामा हळहळले. बाईसाहेब मात्र पेल्याकडे पाहतच राहिल्या, कारण कुपी बुडाली नाही. बुडबुड्याचे जोरावर पाण्यावर डौलात तरंगत राहिली. त्यांणी पेला कलंडविला, तो कुपी उंच बाजूस गेली. उलटा कलंडविला, तो इकडची तिकडे.

“अहो,” बाईसाहेब म्हणाल्या, “ही तरंगते. तुम्ही मान वर केली की घसा खाली राहतो आणि ओठ वर. मग ही ओठांकडेच पळणार ना? मान खाली घाला.”

“मी? मी कधी कुणापुढे मान खाली घातली नाही.”

“माझ्यापुढे नका घालू. पेल्यापुढे घाला.”

मामा म्हणाले, “वहिनी, त्यापेक्षा शिडी विकणं सोपं.”

साहेबांनी मामांकडे पाहिले, बाईसाहेबांकडे पाहिले, आणि भिंतीस टेकलेल्या शिडीकडे पाहणे टाळिले. मग नवी कुपी जिभेवर घेतली, पाण्याचा घोट तोंडात धरिला, आणि चाळीस वर्षांचा ताठा हळूहळू वाकवीत हनुवटी छातीस लाविली, आणि गिळिले. शिलाई मशीनवरून दोऱ्याचे रीळ घरंगळले, ते उचलावयास कोणी हलले नाही.

“गेली?” बाईसाहेबांनी विचारले.

“कळलंच नाही.”

मामांनी विजेरी लावून जिभेचे वर, जिभेखाली आणि दोन्ही गालांचे कोपरे तपासिले. कोठेही शत्रू नव्हता. तेव्हा मामांनी खुर्चीवर उभे राहून टॉवेल फडकविला, आणि साहेब तोंड उघडे ठेवूनच हसू लागले.

पुढे नव्वद कुप्या ऐशाच गेल्या. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटवून अंगठा हलविला, तो साहेबांची दहापैकी आठ उत्तरे बरोबर आली. रक्तातही दुष्काळ सरला होता. कुपी चालू ठेवून, खाली कोणी शिडी धरील तर, चौथे पायरीपर्यंत परवानगी मिळाली. बाईंनी सहज पुसिले की गोळी इतकी जड जात होती, मग जमविली कशी?

“मान वर करून,” साहेब बोलले.

बाईसाहेबांनी पर्स उघडली आणि बंद केली.

“म्हणजे,” साहेब म्हणाले, “खाली घालून. हिनं सांगितलं तशी.”

येणेप्रमाणे, बुधवारी, भोजनोत्तर प्रहरी, अकरावे दिवशी, एक कुपी फरारी, एक मिशीत खर्ची आणि आठ वाया जाऊन, पेंटरसाहेबांचे घशाचा किल्ला बाईसाहेबांनी फत्ते केला. किल्लेदारांनी विजय बाईसाहेबांचे नावे मान्य केला, दवाखान्यात, साक्षीदारासमक्ष, आपले मुखाने.